चित्राखालची ओळ

फॅन आर्टच्या, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या चित्रांच्या, ऑनलाइन दालनात आलेला माणूस चित्र पाहतो, आवडले तर लाइक करतो आणि पुढे सरकतो. चित्राखाली बारीक अक्षरांत शब्दांची एक रांग असते. तिला टॅग म्हणतात आणि ती कुणी वाचत नाही. वास्तविक ते चित्र त्याच्यापुढे आले ते त्या रांगेमुळेच. लाखो चित्रांच्या ढिगात हे एक चित्र सापडले, कारण कुणीतरी आधी ते नीट पाहिले होते आणि त्यात काय आहे हे मोजक्या शब्दांत लिहून ठेवले होते.

म्हणजे टॅग लावणारा हा त्या चित्राचा पहिला वाचक. त्याने काय पाहिले, काय वगळले, कोणता शब्द निवडला, हे सगळे त्या ओळीत उतरलेले असते. कवितेचे रसग्रहण करताना आपण आशय, शब्दकळा, रचना, सूर यांकडे पाहतो. त्याच कसोट्यांवर ही ओळ वाचून पाहावी, असा या लेखाचा हेतू आहे. वाचनाचा शेवट मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाघिणीच्या चित्रांपाशी करणार आहे. कारण त्या चित्रांत जेवढे काम रेषा करतात त्याहून जास्त काम खालची ओळ करते.

आधी ओळीची घडण पाहू. जपानी शैलीच्या चित्रांचे ‘डॅनबूरू’ हे दालन २००५ पासून चालू आहे. टॅगांच्या शिस्तीबद्दल ते प्रसिद्ध आहे. तिथे प्रत्येक टॅग पाच गटांपैकी एकात बसतो: चित्रकार, मूळ कलाकृती, पात्र, चित्रात दिसणाऱ्या सर्वसाधारण गोष्टी आणि फाइलविषयीची माहिती. गटागणिक रंग वेगळा. तिथली एखादी अगदी नेहमीची ओळ मराठीत आणली तर अशी होईल: ‘एक मुलगी, एकटी, लांब केस, पाहणाऱ्याकडे नजर’.

या ओळीत क्रियापद नाही. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ अशा शब्दांना थारा नाही. लिहिणाऱ्याने स्वतःचे मत बाजूला ठेवले आहे आणि डोळ्यांना जे दिसले तेवढेच सांगितले आहे. पण ओळ कोरडी नाही. ‘एक मुलगी’ आणि ‘एकटी’ हे दोन टॅग वरवर एकच वाटतात. तसे ते नाहीत. चित्रात शेजारी एखादा मुलगा आला, तर ‘एक मुलगी’ तसाच राहतो आणि ‘एकटी’ मात्र पुसावा लागतो. पहिल्या टॅगात मोजणी आहे, दुसऱ्यात इतर कुणी नसण्याची नोंद आहे. एकटेपण हे दिसणाऱ्या गोष्टींतून कमी करत जाऊन हाती लागते, हे त्या दोन शब्दांच्या जोडीने किती थोडक्यात सांगितले! आणि ‘पाहणाऱ्याकडे नजर’ या टॅगात तर चित्राबाहेरचा माणूस चित्रात ओढला जातो. ती मुलगी कुणाकडे तरी पाहते आहे, आणि तो कुणीतरी म्हणजे आपण.

अशा दालनांत एक टॅग मला फार आवडतो. चित्र टाकणाऱ्याला काय लिहावे ते सुचत नसेल, तर तो ‘टॅगमी’ एवढेच लिहून मोकळा होतो. मला टॅग लावा. बाकी सगळे टॅग चित्राबद्दल तिऱ्हाइताच्या भाषेत बोलतात. इथे चित्र स्वतःच्या तोंडाने विनवते, की मला कुणीतरी वाचा.

जपानमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘पिक्सिव्ह’ची रीत वेगळी. तिथे एका चित्राला दहाच टॅग. दहाची मर्यादा आली की निवड आली, आणि निवड आली की लिहिणाऱ्याचा स्वभाव दिसू लागतो. शिवाय पाहणाऱ्यालाही दुसऱ्याच्या चित्राला टॅग जोडता येतो. एखाद्या चित्राला हजार जणांची पसंती मिळाली की चाहतेच तसे सांगणारा टॅग त्याला चिकटवतात. म्हणजे ओळीचा अर्धा भाग चित्रकाराचा आणि अर्धा रसिकांचा. कीर्तनात टाळकऱ्यांनी धृपद उचलून धरावे तशी ही ओळ अनेकांच्या तोंडून पुरी होते.

हे सगळे नवे वाटते. चित्राची फोड करून त्याला नेमके नाव देण्याची विद्या मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. विष्णूच्या चोवीस मूर्ती घ्या. संध्येत केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी चोवीस नावे म्हटली जातात, त्या प्रत्येक नावाची मूर्ती आहे. चोवीसही मूर्ती उभ्या, चोवीसही चतुर्भुज, आणि सगळ्यांच्या हातांत तीच चार आयुधे: शंख, चक्र, गदा, पद्म. मग केशव कोण आणि नारायण कोण, हे ओळखायचे कसे? कोणत्या हातात काय, यावरून. अग्निपुराणातला क्रम घेतला आणि खालच्या उजव्या हातापासून वर जात डावीकडे वळून खाली उतरले, की पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र असा लागला तर नारायण. चार वस्तू चार जागी ठेवण्याच्या रीती चोवीसच होतात, एक कमी नाही की जास्त नाही. गणित आणि भक्ती यांची इतकी नेटकी गाठ क्वचित पडते.

तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ रचला. मूर्तींची अशी लक्षणे त्यातही येतात. ज्याच्या नावावर विदर्भातले गावोगावचे लोक दगडी देवळांना हेमाडपंती म्हणतात, तोच हा. ग्रंथाग्रंथांत आयुधांच्या क्रमाचे पाठभेदही आहेत. त्यामुळे मूर्ती ओळखणाऱ्याला आपण कोणत्या ग्रंथाच्या आधारे बोलतो आहोत ते सांगावे लागते. आजच्या दालनांतल्या टॅगांच्या वादांना हा मुद्दा जसाच्या तसा लागू पडतो.

या व्यवस्थेचे सौंदर्य असे, की नाव मूर्तीच्या आत आहे. खाली पाटी नसली तरी चालते. हात शाबूत असले म्हणजे झाले. हात तुटले की नाव गेले, आणि मग तज्ज्ञही ‘विष्णू’ एवढ्या मोठ्या गटाच्या पुढे जाऊ शकत नाही.

आता या चोवीस खणांच्या कपाटात पंढरपूरचा विठ्ठल ठेवून पाहा. तो बसत नाही. हात दोनच, तेही कटेवर. आयुधांचा क्रम लावायला चार हातच नाहीत. चोवीस नावांत त्याचे नाव नाही. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात या देवाच्या मुळांचा जो शोध घेतला, त्याच्या तळाशी हीच अडचण आहे. शास्त्राच्या यादीत नसलेला हा देव महाराष्ट्राने सर्वांत जास्त आळवला. त्याचे नाव शास्त्राकडून आले नाही, ते त्याच्याकडे चालत जाणाऱ्यांनी ठरवले. आणि त्याचे चित्र ओळखायला कुणाला ग्रंथ उघडावा लागत नाही. विटेवर समचरण, कमरेवर हात, एवढी बाह्यरेषा पुरते.

म्हणजे नाव देण्याच्या दोन वाटा झाल्या. एक वरून आलेली, सगळ्यांना एकाच मापाने मोजणारी. दुसरी खालून आलेली, एकावरच जीव टाकणारी. या दोन वाटा जिथे समोरासमोर आल्या ती जागा यवतमाळ जिल्ह्यात आहे.

पांढरकवडा वन विभागातली एक वाघीण कागदोपत्री ‘टी-१’ होती. पांढरकवडा-राळेगाव परिसरात २०१६ पासून तेरा माणसे मेली आणि त्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर आला. सप्टेंबर २०१८ मध्ये तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात तिला गोळी घालण्यात आली. मागे दोन बछडे राहिले. वन्यजीवप्रेमींनी तिला ‘अवनी’ म्हटले होते आणि देशभर, परदेशातही ती त्याच नावाने माहीत झाली. मोर्चे निघाले, फलक रंगवले गेले, तिची चित्रे समाजमाध्यमांवर फिरली.

आता टॅग म्हणून ही दोन नावे वाचू. ‘टी-१’ मध्ये टी म्हणजे टायगर, एक हा त्या भागातल्या यादीतला क्रमांक. यात नर-मादी नाही, गुण नाही, दोष नाही. हा कोरडेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. यादीत सगळे वाघ सारखेच असायला हवेत, एकाला नाव आणि दुसऱ्याला नुसता आकडा असे झाले तर मोजणी बिघडते. आणि ही मोजणी म्हणजे चित्रांची वर्गवारीच असते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, डाव्या कुशीचे उजव्या कुशीपेक्षाही वेगळे. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांतली ७६,६५१ वाघांची निघाली. आधी संगणकाने प्राणी वेगळे काढायचे, मग पट्टे जुळवून एकेक वाघ वेगळा करायचा. गिनीज बुकात या गणनेची नोंद झाली. जगात चित्रांना नावे देण्याचा याहून मोठा खटाटोप क्वचितच झाला असेल.

क्रमांकाच्या टॅगलाही स्वतःची भाषा असते. याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक वाघ ‘टी१-सी१’ या नावाने नोंदला गेला. टी१ या वाघिणीचे पहिले पिल्लू. एवढ्याशा नावात त्याची आई आली, भावंडांतला क्रम आला. पुढे गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन तो २०१९ मध्ये निघाला, आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावेपर्यंत एकूण ३,००० किलोमीटरहून अधिक चालला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. पहिले नाव वंशावरून, दुसरे पराक्रमावरून. आपल्या देवांचीही तशीच. ‘वासुदेव’ वंशावरून, ‘मधुसूदन’ कृत्यावरून, आणि चोवीस नावांच्या यादीत दोन्ही एकत्र नांदतात.

पण इथेच एक फट दिसते. टी१-सी१ ची आई टी-१ आणि बोराटीला मेलेली टी-१ या दोन वेगळ्या वाघिणी. क्रमांक त्या त्या वनक्षेत्रापुरता असतो. क्षेत्राचे नाव गळाले, की एकाच जिल्ह्यात एका टॅगखाली दोन वाघिणी जमा होतात. वरून आलेले नाव नेमके असते हा आपला समज. ते नेमके असते खरे, पण आपल्या चौकटीच्या आतच.

आता ‘अवनी’. हे विशेषनाम एकटे फिरले नाही, वाक्यात बसून फिरले. आधीचा हॅशटॅग ‘लेट अवनी लिव्ह’. २ नोव्हेंबरनंतरचा ‘जस्टिस फॉर अवनी’. ‘एक मुलगी, एकटी’ या ओळीत क्रियापद नव्हते, ती फक्त दाखवत होती. इथे टॅग मागणी करतो. आधी जगू द्या अशी, मग न्याय द्या अशी. हे दोन टॅग एकापाठोपाठ वाचले की मधल्या रात्री काय झाले ते कुणी सांगावे लागत नाही. दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत घटना ठेवण्याचे हे कौशल्य चांगल्या कवितेत असते. इथे ते कुणा एका कवीचे नाही.

आणि चित्रे? चाहत्याने काढलेल्या वाघिणीचे पट्टे चित्रकाराच्या हाताचे असतात. कॅमेऱ्यातल्या छायाचित्राशी ते जुळवून पाहता येत नाहीत. विष्णूचे नाव त्याच्या हातांत होते, विठ्ठलाचे उभे राहण्यात. या वाघिणीचे नाव चित्रात कुठेच नाही. खालची ओळ काढून टाका, उरेल एक वाघीण, कुठलीही. फार तर शेजारी दोन बछडे काढले असतील तर ओळख लागते, कारण दोन बछड्यांची आई हीच तिची लोकांत पोचलेली प्रतिमा होती. मूर्तिशास्त्राच्या भाषेत ते दोन बछडे म्हणजे तिचे लांछन, ओळखीची खूण. त्यापलीकडे तिची सारी ओळख टॅगवर उभी आहे. म्हणून मी म्हटले, की इथे रेषांपेक्षा ओळ जास्त काम करते.

या ओळीची उणीवही याच कारणाने डोळ्यांत भरते. तिसरा टॅग होता, ‘नरभक्षक’. राळेगाव-पांढरकवड्याच्या कापूस पट्ट्यात तो बोलला जात होता, जिथे शेतावर जायचे की नाही हा रोजचा प्रश्न झाला होता. काही दालनांचा नियम असतो: दिसते तेच लिहा, माहीत आहे ते नको. पण या चित्राला तो नियम पुरत नाही. दिसते आहे ती वाघीण आणि दोन पिल्ले. ‘टी-१’, ‘अवनी’ आणि ‘नरभक्षक’ ही तिन्ही नावे चित्राबाहेरची आहेत. तिघांमागे तीन वेगळी माणसे उभी आहेत: नोंद ठेवणारा, प्रेम करणारा, भ्यालेला. एकाचेच नाव ठेवले तर उरलेल्या दोघांना ते चित्र कधी सापडणार नाही.

मग ही ओळ लिहावी कशी? याचे उत्तर चाहत्यांच्याच एका संस्थेने शोधून ठेवले आहे. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांच्या कथा-चित्रांचे भांडार २००९ पासून सर्वांसाठी खुले आहे. २०१९ साली त्याला विज्ञानकथा क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे कुणी टॅगमध्ये काय लिहावे याला बंधन नाही. लोक पुरी वाक्ये लिहितात, स्वतःशी पुटपुटल्यासारखी. त्यामागे स्वयंसेवकांची एक फळी बसलेली असते. एकाच पात्राची दहा तऱ्हांनी लिहिलेली नावे ते एका मुख्य टॅगला जोडतात. मुख्य नावाने शोधले की दहाही तऱ्हा समोर येतात. पण लेखकाने स्वतःच्या कृतीवर जे लिहिले त्याला हात लावत नाहीत. ते जसेच्या तसे तिथे राहते. जोडायचे, पण पुसायचे नाही.

हे तत्त्व किती उपयोगी आहे ते यवतमाळच्या माणसाला पटकन कळेल. हा जिल्हा इंग्रजी अमदानीत आधी ‘वुन’ म्हणजे वणीच्या नावाने होता, १९०५ मध्ये तो ‘येवतमाळ’ झाला, आज ‘यवतमाळ’. जुने छायाचित्र शोधणाऱ्याला तिन्ही नावे जोडलेली हवीत. केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा. दोन्ही नावे लोक एकमेकांच्या जागी वापरतात, तिथे जोड हवीच. उलट ‘वणी’ या टॅगखाली इथल्या कोळसा खाणी आणि नाशिक जिल्ह्यातले सप्तशृंगीजवळचे वणी एकत्र आले तर घोटाळा. ‘चिंतामणी’ म्हटले की कळंबचा गणपती आणि थेऊरचा गणपती, दोघेही हजर. तिथे जोडण्याऐवजी वेगळे करावे लागते. कुठे सांधायचे आणि कुठे तोडायचे, हे ओळखायला ती गावे, ते देव, ती माणसे माहीत असावी लागतात. संगणकाला वाघ आणि बिबट्या वेगळे करता येतात. कळंब आणि थेऊर वेगळे करायला वाचक लागतो.

आता ‘टी-१’ आणि ‘अवनी’ एकाच मुख्य टॅगला जोडावेत का? माझे मत नको असे आहे. दोन्ही नावांमागे जनावर एकच होते, पण नावे एकमेकांचे पर्याय नाहीत. टी-१ ही नोंद २ नोव्हेंबर २०१८ ला संपली. अवनी हे नाव त्या रात्रीनंतर अधिक पसरले. विठ्ठलाला ओढूनताणून केशवाच्या खणात ठेवले तर यादी पुरी झाल्यासारखी वाटेल, पण यादी खोटी होईल. तसेच हे. दोन्ही टॅग स्वतंत्र राहावेत आणि एकमेकांकडे बोट दाखवावे.

उरला ‘नरभक्षक’. ते विशेषण आहे आणि विशेषणावर भांडण होते. त्याच्या जागी तथ्य लिहिता येते. माझ्या मते अशा चित्राखालची ओळ अशी असावी: ‘वाघीण, दोन बछडे, टी-१ (पांढरकवडा), अवनी, बोराटी, राळेगाव तालुका, २ नोव्हेंबर २०१८, मानव-वाघ संघर्ष, तेरा मृत्यू’. नऊ टॅग. दहाच्या मर्यादेत एक जागा मोकळी राहते, ती चित्रकाराच्या नावाला. या ओळीत गौरव नाही, निषेधही नाही. पण ‘अवनी’ शोधत आलेला चाहता या ओळीवरून बोराटीपर्यंत आणि तेरा मृत्यूंपर्यंत पोचेल. बोराटी शोधत आलेल्याला कळेल, की आपल्या शिवारातल्या या घटनेवर दूरच्या कुणीतरी चित्र काढले आहे. दोघांनाही न आवडणारे काहीतरी वाचावे लागेल. टॅग लावणाऱ्याने चित्र नीट वाचले होते, याची खूण मी तीच मानेन.